उसना बाणा

मराठी भाषेंत ‘बाणा’ हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. अंगावरचा विशिष्ट वेष हा त्याचा एक अर्थ, आणि त्या वेषास शोभेल असें ब्रीद हा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच शब्दांत नांदत असल्यामुळें, जो बाणा धारण करील त्यानें तो चालविलाहि पाहिजे, हें आपल्या पूर्वजांना निराळें सांगावें लागलें नाहीं. आज ज्या वादाविषयीं चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, त्याचें मूळ या दोन अर्थांची फारकत होण्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. वाद असा : केवळ हौसेखातर सायकल चालविणाऱ्या गृहस्थानें, सायकलच्या शर्यती हाच ज्यांचा पोटाचा धंदा आहे अशा युरोपांतील संघांचा पोशाख अंगावर घालावा कीं न घालावा?

वाचकांपैकीं कित्येकांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्यांनीं एखाद्या रविवारीं पहांटे सिंहगडाच्या किंवा बोपदेव घाटाच्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभें राहावें. पन्नाशीकडे झुकलेले बँकेंतील अधिकारी, दंतवैद्य, संगणकावर उपजीविका करणारे तरुण, महाविद्यालयांतील अध्यापिका अशी मंडळी एकामागून एक तेथून जातांना दिसतील. आणि त्यांच्या छातीवर व पाठीवर बेल्जममधील लांकडी तक्तपोशीच्या कारखान्याचें, स्पेनमधील टेलिफोन कंपनीचें किंवा इंग्लंडमधील रसायनांच्या उद्योगाचें नांव ठळक अक्षरांनीं छापलेलें आढळेल. यांपैकीं एकाहि कंपनीचा माल या मंडळींनीं बहुधा विकत घेतलेला नसतो. उलट त्या कंपनीची जाहिरात आपल्या अंगावर मिरविण्याकरितां त्यांनींच पदरचे कांहीं हजार रुपये मोजलेले असतात. पुढें चहाच्या टपरीवर सायकली टेकल्या म्हणजे याच गोष्टीवरून दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ज्याला खडकवासल्याच्या चढावर धाप लागते त्यानें ही सोंगें कशाला आणावींत? दुसरा म्हणतो, मुंबईच्या वानखेडे मैदानावर हजारों लोक तेंडुलकरचा दहा आंकडा पाठीवर घालून बसत, तेव्हां तुम्ही कोठें गेलां होतां? दोन्ही पक्षांत आमचे मित्र आहेत, आणि चहाचे पैसे कोणी द्यावयाचे हें ठरेपर्यंत हा वाद मिटत नाहीं.

आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. सगळ्या जर्सी ते एकाच मापानें मोजतात. त्यांतल्या कांहीं पराक्रमानें मिळतात आणि कांहीं पगाराबरोबर मिळतात, हा भेद त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

पहिल्या प्रकारांत सर्वांत मानाची म्हणजे पिवळी जर्सी. ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं ‘लोतो’ नांवाच्या क्रीडाविषयक वर्तमानपत्रानें आपला खप वाढविण्याच्या हेतूनें सुरू केली. पहिल्या महायुद्धामुळें ती खंडित झाली, आणि १९१९ सालीं पुन्हां भरली तेव्हां फ्रान्समध्यें सर्वच वस्तूंची टंचाई होती. सायकलच्या कारखानदारांनीं एकत्र येऊन पुष्कळशा स्वारांना सारख्याच करड्या रंगाच्या जर्सी दिल्या होत्या; त्यामुळें आघाडीवरचा स्वार कोणता हें रस्त्याच्या कडेच्या लोकांस ओळखूं येईना. तेव्हां ‘लोतो’ ज्या पिवळ्या कागदावर छापीत त्याच रंगाची जर्सी आघाडीच्या स्वारास द्यावी असें ठरलें, आणि १९ जुलै १९१९ रोजीं ग्रनोब्ल या गांवीं ती यूजेन क्रिस्तोफ याच्या अंगावर प्रथम चढली.

हा क्रिस्तोफ कोण होता हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९१३ सालीं त्यास ही शर्यत जिंकण्याची उत्तम संधि असतांना पिरेनीज पर्वतांत तूर्माले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढला चिमटा तुटला. दुसऱ्या कोणाची मदत घ्यावयाची नाहीं असा नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालत एका खेड्यांत आला, तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतःच्या हातांनीं चिमटा जोडला, आणि भाता मारण्यास एका पोरानें हात लावला एवढ्यावरून पंचांनीं त्याला वर दंडहि केला. १९१९ सालीं पिवळी जर्सी अंगावर असतांना, शर्यत संपण्याच्या बेतांत, त्याचा चिमटा पुन्हां तुटला आणि हाताशीं आलेला विजय गेला. तूर द फ्रान्स त्याला जन्मांत एकदांहि जिंकतां आली नाहीं. पिवळी जर्सी घालून जातांना लोक त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवीत आणि त्याबद्दल तो कुरकुर करी, असें सांगतात. ज्यानें ती जर्सी घामानें कमावली त्यालासुद्धां ती घालण्याचा संकोच वाटला. आणि आमचे कांहीं बंधु ती घरबसल्या मागवून, किंमतींत सूट मिळाल्याच्या आनंदांत, सरळ अंगांत चढवितात!

अशाच आणखीहि आहेत. इटलीच्या शर्यतींतील गुलाबी जर्सी १९३१ पासूनची. तिचाहि रंग तेथील एका वर्तमानपत्राच्या कागदावरूनच आलेला. तूरमध्यें डोंगरांच्या राजाला मिळणारी लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ सालची, आणि तिचा पहिला आश्रयदाता एक चॉकलेटवाला. जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मात्र या सर्वांहून निराळी. १९२७ सालीं पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा झाली तेव्हांपासून विजेता ती वर्षभर घालतो, आणि वर्ष सरलें कीं उतरवितो. पण बाहीच्या कडेला त्या पट्ट्या लावण्याचा अधिकार त्याला कायमचा राहतो. एवढी चार बोटांची पट्टी. पण जी मिळविण्यांत माणसांचीं आयुष्यें गेलीं, ती आमच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांच्या पायमोज्यांवर आम्हीं पाहिली आहे.

दुसऱ्या प्रकारची जर्सी ती संघाची. आरंभीं सायकली करणारे कारखानेच संघ पोशीत. १९३० पासून १९६१ पर्यंत तूरमध्यें स्वार आपापल्या देशाच्या नांवानें उतरत, परंतु इतर शर्यतींत कारखान्यांचाच आश्रय असे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोटारींकडे व फटफटींकडे वळले, सायकलींचा खप घटला आणि कारखानदारांचा हात आंखडला. तेव्हां १९५४ सालीं फिओरेंझो माग्नी या इटालियन वीरानें निव्हिया या क्रीमच्या कंपनीचें नांव आपल्या संघाच्या छातीवर आणलें, आणि दरवाजा उघडला तो कायमचाच. एडी मर्क्स कांहीं काळ कॉफी करण्याचीं यंत्रें विकणाऱ्या कंपनीच्या नांवानें जिंकला, आणि पुढें मोल्तेनी या मांसाच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीची नारिंगी जर्सी त्यानें अजरामर केली. आमच्या परिचयाचे एक कांदालसूणहि वर्ज्य करणारे गृहस्थ तीच नारिंगी जर्सी मोठ्या भक्तीनें वापरतात. त्यांना तिचा अर्थ सांगावयाचें आमच्या अनेकदां मनांत आलें, परंतु आम्हीं जीभ आंवरली आहे.

ही जर्सी विजयाची खूण नव्हे. ती चाकरीची खूण आहे. संघांतील नायकास आणि त्याला पाण्याच्या बाटल्या आणून देणाऱ्या, वारा अडवून त्याच्या पुढें राबणाऱ्या साहाय्यकास ती सारखीच मिळते. या साहाय्यकाला तिकडे शब्दच मुळीं ‘घरगडी’ या अर्थाचा आहे. तेव्हां संघाची जर्सी घालणारा हौशी मनुष्य शेखी मिरवितो असें म्हणणें म्हणजे पट्टेवाल्याचा पट्टा घातल्याबद्दल एखाद्यावर कलेक्टरीची हांव असल्याचा आरोप करण्यासारखें आहे. त्यानें एवढेंच केलेलें असतें कीं, जी नोकरी त्याला कोणी दिलेली नाहीं तिचा गणवेष स्वतःच्या पैशानें शिवून घेतलेला असतो. याला भोळेपणा म्हणा, हौस म्हणा. उद्धटपणा मात्र म्हणूं नये. पिंपरी-भोसरीच्या रस्त्यावर खिशावर कारखान्याचें नांव असलेला सदरा घालून, कॅरियरला डबा अडकवून, वजनदार काळी सायकल दामटीत पाळीवर जाणारे कामगार पूर्वीं घोळक्यांनीं दिसत, अजूनहि तुरळक दिसतात. धंदेवाईक संघाचा खरा पोशाख आमच्याकडे कोणी घालीत असेल तर तो हे घालतात. आणि आमच्या रविवारच्या तांड्याला चढावर मागें टाकतांना त्यांच्या चेहऱ्यावर हंसूंहि नसतें, कारण त्यांना आठाच्या आंत पोंचावयाचें असतें.

आतां वानखेडेची गोष्ट. २०१७ सालीं पालघरच्या शार्दूल ठाकूर यानें भारताच्या संघांतून खेळतांना दहा आंकडा पाठीवर घेतला, तेव्हां लोकांनीं एवढा गदारोळ केला कीं त्याला तो सोडावा लागला. गंमत अशी कीं गदारोळ करणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं तोच आंकडा खुंटीवर लटकत असेल! याला दांभिकपणा म्हणण्याचा मोह होतो, परंतु त्यांत एक समज आहे. प्रेक्षकाच्या आसनावर जें वस्त्र भक्तीचें असतें तेंच मैदानांत उतरल्यावर हक्काचें होतें. हनुमानजयंतीला पोरानें पुठ्ठ्याची गदा खांद्यावर घेतली तर आपण कौतुक करतों. तालमींत जोर काढावयास येणाऱ्यानें चांदीची गदा मिरवीत यावें हें वस्ताद खपवून घेणार नाहीं. क्रिकेटचा भक्त मैदानाबाहेर बसतो. सायकलचा भक्त स्वतः रस्त्यावर उतरून तेंच काम करतो, मग तें कितीहि हळू कां असेना. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पिवळी, गुलाबी, ठिपक्यांची आणि इंद्रधनुषी या जर्सी रस्त्यावर घालूं नयेत, आणि संघाच्या खुशाल घालाव्यात. घट्ट कपड्यानें वारा कमी अडतो वगैरे शास्त्राधार या वादांत कोणी आणूं नये. तो लाभ मुख्यतः वेगाचा आहे, आणि घाम टिपण्याचें काम बिननांवाची जर्सीहि तितकेंच चोख करते.

परंतु आमच्या या सुबक वर्गवारींत न बसणारा एक मनुष्य आमच्याच तांड्यांत आहे. हे आमचे स्नेही वयानें आमच्याहून वडील. २००३ च्या सुमारास त्यांना कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, औषधें, केस गळणें, सर्व यथासांग झालें. त्या दिवसांत अमेरिकेंतील त्यांच्या भाच्यानें त्यांना तिकडल्या टपालखात्याच्या संघाची निळी जर्सी पाठविली. लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगांतून उठून १९९९ पासून दरवर्षीं तूर जिंकीत होता, आणि जगभरच्या रुग्णांना त्याचें नांव हाच एक धीर झाला होता. आमचे स्नेही ती जर्सी उशाशीं ठेवून निजत. पुढें अंगांत थोडें बळ आल्यावर ती घालून पहिल्या दिवशीं ते राजाराम पुलापर्यंत गेले, दोन महिन्यांनीं खडकवासल्याला, आणि वर्षानें सिंहगडाच्या पायथ्याशीं. पायथ्याहून त्यांनीं घरीं दूरध्वनि केला तो आम्हीं ऐकला आहे. बोलणें असें फारसें झालेंच नाहीं.

२०१२ च्या ऑक्टोबरांत आर्मस्ट्राँगचे सातहि विजय उत्तेजक द्रव्यांच्या पायीं काढून घेण्यांत आले. पुढल्या रविवारीं आमचे स्नेही तीच जर्सी घालून आले तेव्हां तांड्यांत चुळबुळ झाली. एका तरुणानें, वाईट हेतूनें नव्हे, विचारलेंच, “काका, अजून हीच?” घरीं वहिनींचेंहि तेंच म्हणणें होतें : “अहो, लबाडाचें तें कापड, सायकल पुसायला घ्या आतां.” स्नेह्यांनीं आम्हांस एवढेंच सांगितलें, “सुया मला टोंचल्या, चढ मी चढलों. त्यांतलें त्याला परत काय द्यायचें?”

आम्हांजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. पायमोज्यांवर इंद्रधनुष्य घालणाऱ्या गृहस्थांस बोलण्यास आम्ही कचरत नाहीं. पण ज्याच्या नांवाचा बाणा त्यानें तो बुडविला आणि ज्यानें उसना घेतला त्यानें तो चालविला, अशा ठिकाणीं आमची वर्गवारी मुकी होते.

गेल्या वर्षीं तांड्यानें स्वतःची जर्सी करावयाचें ठरविलें. रंगावरून तीन महिने खल झाला. पिवळा रंग सुचविणारे निघालेच, पण ते मतांत हरले. भगव्यावर एकमत होईना. एका मिठाईवाल्यानें खर्च देऊं केला, परंतु पाठीवर बाकरवडीचें चित्र घेण्यास अध्यापिकाबाईंनीं साफ नकार दिला. शेवटीं चिखल दिसत नाहीं या कारणास्तव करडा रंग मुक्रर झाला. जर्सी आल्या, बाह्या थोड्या आंखूड निघाल्या, तरी सर्वजण घालतात. आमचे स्नेही वर्गणी वेळेवर देऊन त्यांची जर्सी घरीं घेऊन गेले. रविवारीं ते निळीच घालून येतात, आणि त्याबद्दल आतां कोणी विचारीत नाहीं.