पोरांसाठी बसायचं ठरवतोय

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘शाहूंच्या कोल्हापुरात पोरं दगड कधीपासून उचलायला लागली?’ तेवढ्यात रेंज गेली. इथं पन्हाळगडावर पाऊस धरला की हे ठरलेलंच, म्हणून लिहितोय.

७ जून २०२३ चं तू टीव्हीवर बघितलं असशील. काही पोरांच्या मोबाईलवरचं स्टेटस, त्यावरून बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार आणि मग इंटरनेटच बंद. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाखाली गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली. गजापूर रे! बाजीप्रभू ज्या खिंडीत पडले, तिथलं गाव. दर पावसाळ्यात आपल्या पन्हाळ्यावरून हजारो पोरं त्याच वाटेनं पावनखिंडीला चालत जातात. मला हे फार लागलं.

जमावातली कितीतरी पोरं मिसरूड न फुटलेली. एकदा गुन्ह्यात नाव आलं की पोलीस भरतीचं स्वप्न अडचणीत येतं, पासपोर्टही अडू शकतो. भडकवणारा मात्र घरी जेवून झोपतो.

शांतता कमिटी आपल्याकडं आहेच. सणाआधी पोलीस ठाण्यात बैठक होते, पुढारी बोलतात, चहा होतो. पण सतरा वर्षांचं पोरगं तिथं नसतं, त्याची आईही नसते. सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त होते, तेव्हा त्यांनी हे उलटं केलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते शहर. १९८८ पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं, दोन्ही धर्मांची, पोलिसांसोबत नेमानं बसायची. पुढं १९९२-९३ ला मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. दंगल नसताना बसायची सवय होती, म्हणून ती वेळेला कामी आली, असं मला ठाम वाटतं.

तुझ्या ग्लासगोतही पोलिसांनी २००५ पासून हिंसेकडं साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली ना? टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावलं, तेही शिक्षेसाठी नव्हे. चाकूच्या जखमा शिवणारा डॉक्टर त्यांच्याशी बोलला, पोरगं गमावलेली आई बोलली. आणि सुधारायचं असेल तर मदतीसाठी फोन नंबर हातात दिला. हा नंबर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसत्या उपदेशानं कुठलं पोरगं वळलंय?

आपल्याकडं हे काम तालमीतले वस्ताद करू शकतील. कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही. घरी उलट बोलणारं पोरगं वस्तादांपुढं मान खाली घालतं. गडावर सोमेश्वराला जाणारी माणसं सादोबाच्या दर्ग्यातही डोकं टेकतात, हॉटेलवाले आणि गाईड एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. एवढी ओळख असताना ‘आज पोरं कुठं जमणार आहेत’ हे आम्हाला पोलिसांकडून कळावं, हे मला पटत नाही. म्हणून दर महिन्याला बसायचं म्हणतोय. वस्ताद, मास्तर, दोन्हीकडच्या आया आणि मुख्य म्हणजे पोरं. सण असो नसो.

तू एक काम कर. तिथं त्या कोर्टात पोरं आपणहून आली कशी, त्यांना कुणी तयार केलं, हे विचारून कळव. आमचं घोडं नेमकं तिथंच अडलंय.

तुझा,
गडावरचा दोस्त