पायाखालची फरशी

आमची आई लग्न होऊन बेगम बाजारातील या घरात आली, त्याला आता साठ वर्षे झाली. इतकी वर्षे जिच्यावर वावरली त्याच शहाबादी फरशीवर गेल्या श्रावणात ती पाय घसरून पडली. मनगटावर निभावले, परंतु त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. थोरल्या बंधूंचे म्हणणे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरावा. पुतण्याला लाकडी जमीन हवी होती. ती पायाला थंड लागत नाही आणि दगडाइतकी कठीणही नसते. मी गालिच्याच्या बाजूचा होतो. आईला कोणी विचारले नव्हते.

माझी बाजू फार दिवस टिकली नाही. दुसऱ्या असफजाहाची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर हा बाजार वसला असे सांगतात, आणि तो अजूनही व्यापाऱ्यांचाच आहे. सुका मेवा, मसाले, भांडी यांच्या घाऊक दुकानांमागे आमचे घर. खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर हळद-मिरचीची पूड आत येते. फरशी दोनदा पुसली की काम भागते. जमिनीला चिकटवलेला गालिचा मात्र ती पूड वर्षानुवर्षे पोटात साठवून ठेवील.

लाकडाचा निकाल वहिनींनी लावला. त्यांचे माहेर मडगावचे. "लांकूड पावसांत फुगता," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी लाकडी जमीन होती ती माडीवर, खालून वारा खेळणारी. आमची खोली गल्लीच्या पातळीवर. पावसाळ्यात फळी ओल पिऊन रुंदीला वाढणार, वैशाखात आकसून फटी पडणार. शिवाय वाळवीला आमंत्रण ते वेगळेच. पुतण्या हिरमुसला, पण हट्ट सोडीना.

शेवटी आईच बोलली. "तुम्ही सगळे चालण्याचा विचार करता रे. मला खाली बसायचे असते." मग थोडे थांबून म्हणाली, "तुझ्या वडिलांना शेवटी इथेच खाली घेतले होते."

त्यानंतर पुतण्याने लाकडाचे नाव काढले नाही. आम्हा सर्वांना ती जागा ठाऊक होती. देवघराच्या उंबऱ्यापासून तिसरी फरशी. वैशाखातल्या दुपारी आई तिच्यावरच उशी घेऊन पडते, हे मी रोज पाहत होतो आणि तो केवळ उन्हाळ्याचा उपाय समजत होतो.

तरीही पडण्याचा प्रश्न होताच. तो सोडवला एका वृद्ध गवंड्याने. हा दगड त्याच्या हाताखालचा. शहाबाद आज कर्नाटकात, तांडूर तेलंगणात. १९५६ पूर्वी दोन्ही गावे हैदराबाद राज्यातच होती, आणि तिथल्या चुनखडकाच्या लाद्यांवर या मुलखातल्या कितीतरी पिढ्या रांगल्या. गवंडी फरशीवरून तळवा फिरवून म्हणाला, दगडाचा दोष नाही, साठ वर्षांच्या पायांनी तो गुळगुळीत केला आहे. वर पाणी पडले की घसरणारच. त्याने आईच्या खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या फरशीला टाकी लावली. दोन दिवस जात्याला टाकी लावावी तसा आवाज घरभर घुमत होता. न्हाणीच्या भिंतीला एक दांडाही बसवला.

बंधूंच्या समाधानासाठी बैठकीत वरंगळची सुती सतरंजी आणली. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात वरंगळचे गालिचे मांडले गेले होते. तिथल्या सतरंजीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला तिचा मोठा गुण एवढाच, की ती उचलून गच्चीवर झटकता येते. तिच्या कडेला पाय अडकू नये म्हणून ती आईच्या वाटेपासून दूर घातली आहे.

टाकी लावलेल्या वाटेवरून आई प्रथम चालली तेव्हा भिंतीला हात टेकलेला होता. परत येताना तो सुटला होता. "खरखरीत झाली," ती म्हणाली, "इथे आता रांगोळी नाही उमटायची." मग देवघरापाशी वाकून तिसऱ्या फरशीवरून बोटे फिरवली. तिला टाकी लागली नव्हती.