लांबलेलं बारसं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माझं माहेर धारवाडचं, सासर बेळगावचं. मराठीत बाळंतपण, कानडीत बाणंतन. डिंकाचे लाडू म्हणा की अंटिनउंडी म्हणा, डबा एकच. लेक मात्र दिली लांब, ग्वाल्हेरला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तेच आजचं लष्कर. तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी एक तिचं सासर. बोलणं आपलंच, फक्त मध्येमध्ये हिंदीचा हेल.

२०२४ च्या जानेवारीत तिला गोवा एक्सप्रेसनं बेळगावला आणायचं ठरलं होतं. तिकिटं निघाली होती. त्याआधीच, ३३ व्या आठवड्यात, एका रात्री तिचं पाणी गेलं. बाहेर धुकं इतकं, की रस्ता दिसेना. दीर गाडी हाकत होता आणि जावई टॉर्च घेऊन पुढे चालत होते. पहाटे मुलगी झाली. वजन १६५० ग्रॅम. रडली, पण श्वास पुरेना, म्हणून लगेच तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

ज्या गाडीनं लेक यायची, त्याच गाडीनं मी गेले. झाशीच्या पुढे धुक्यात गाडी रखडली. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. स्टेशनवर विहीणबाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "रडू नका ताई, पोरगी चिवट आहे."

पाचवीची पूजा राहिलीच. बाराव्या दिवशी पाळणा सजायचा, तर बाळ अजून दवाखान्यात, नाकातल्या नळीतून आईचं दूध घेत होतं. अंघोळ नको, तेल नको, धुरी नको, घुटी नको, असं डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितलं. दोन आज्या, दोघींचे हात रिकामे! विहीणबाईंनी विचारलं, "मग आम्ही करायचं तरी काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऊब द्या."

तेव्हा कांगारूची पद्धत कळली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही सुरू केली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड बांधायचं. बाळ गार पडत नाही, दूध ओढायला लवकर शिकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं, की कमी दिवसांच्या बाळांना ही ऊब रोज ८ ते २४ तास द्यावी. आई दमली तर घरातलं दुसरं कुणीही चालतं.

लेकीला टाके होते. म्हणून दुपारी जावई बसायचे, संध्याकाळी आम्ही दोघी आलटून पालटून. पहिल्यांदा माझ्याकडे दिली तेव्हा हात कापत होते. पारव्याच्या पिल्लाएवढा जीव. थोड्या वेळानं तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर संथ झाला. मी हळूच कानडी जोगुळ गुणगुणले, शेजारी विहीणबाईंनी मराठी पाळणा धरला. शब्द वेगळे, 'जो जो' तेवढं एकच.

सुरुवातीला वजन १५४० पर्यंत उतरलं. तेराव्या दिवशी पुन्हा १६५० भरलं, तेव्हा दोघींनी वॉर्डात पेढे वाटले. महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झाली. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांना ती करावीच लागते.

बारसं झालं बेचाळिसाव्या दिवशी, लष्करच्या घरी. वजन होतं दोन किलो तीनशे. मी जुन्या इरकली साड्यांची शिवलेली कौदी पाळण्यात अंथरली. आत्यानं कानात नाव सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "उशीर झाला हो बारशाला." विहीणबाई हसून म्हणाल्या, "बारशाला झाला. घरात घ्यायला नाही."

खरंच आहे ते. तुमच्या घरी असं घाईनं आलेलं बाळ असेल, तर दिवस मोजून खंतावू नका. पाचवी, बारावा पुढेमागे होतील. आधी त्याला छातीशी घ्या. आता ती बोलते. ग्वाल्हेरची 'आजी' आणि बेळगावची 'अज्जी', दोघींना बरोब्बर वेगळं ओळखते.