पडद्याआडचा वाचक

घरातील जुनी वस्तू मंदावली की तिचे वय झाले, असे म्हणून मोकळे होण्याची आपणा सर्वांनाच सवय असते. भिंतीवरचे घड्याळ, शिवणयंत्र, पाण्याचा पंप, सर्वांना हा एकच न्याय. आमच्या संगणकालाही तोच लावण्यात आला. एखादे चित्र उघडावयास दोन-दोन मिनिटे लागू लागली, कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत चष्मा पुसून होऊ लागला, आणि भर दुपारी कोणी जवळ नसतानाही पेटीतला पंखा घरघरू लागला. दुरुस्तीवाल्या मुलाने पेटी उघडली, धूळ झटकली आणि निकाल दिला : "काका, आ तो जूनुं थई गयुं. फॉर्मेट मारी दउं, के नवुं लई लो." सगळे पुसून पहिल्यापासून मांडू, नाहीतर नवे घ्या. बडोद्यात चार पिढ्या काढल्यावर एवढी गुजराती आम्हांस दुभाष्याविना कळते.

दोन्ही उपाय आम्हांस मानवणारे नव्हते. आमचे पूर्वज गायकवाडांच्या दप्तरात लेखणी चालवीत. दरबारचे कागद दरबारात राहिले. घरात राहिले ते मोडी कागदांचे सहा रुमाल. त्यांत खाजगी हिशेब आहेत, सोयरिकीची पत्रे आहेत, वाटणीची टिपणे आहेत. २०१९ साली नात्यातल्या एका तरुणाने हे सारे कागद मोठ्या कष्टाने स्कॅन करून दिले. पाने तीन हजारांवर भरली. ही चित्रे त्याने मुद्दाम 'टिफ' प्रकारात, एका इंचात ६०० ठिपके अशा बारकाईने घेतली. ए-फोर आकाराचे रंगीत पान असे घेतले आणि त्याचा संकोच केला नाही, तर ते एकटेच शंभर एमबीच्या घरात जाते.

ही पाने वाचू शकणारे माणूस आमच्या घराण्यात एकच उरले आहे. ताईआत्यांचे वय ८६. त्या मोडी शिकल्या ती आपल्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून. अलीकडे त्यांची दृष्टी मध्यभागी अंधुक झाली असून कागद हाती दिला तर त्यांना काही दिसत नाही. पडद्यावर अक्षर तळहाताएवढे केले, की मात्र सरसर वाचतात. तेही सकाळी अर्धा तास. पुढे डोळ्यांतून पाणी येते. त्या वाचतात, आमच्या सूनबाई शेजारी बसून ते देवनागरीत टंकित करतात. पूर्वी अर्ध्या तासात चार पाने होत. आता एक होऊ लागले, कारण उरलेला वेळ पडद्यावरचे चाक फिरताना पाहण्यात जाई. दीड रुमाल झाला होता, साडेचार बाकी होते. बाकीचा हिशेब मांडण्याची आवश्यकता नाही. तो आम्ही मनातल्या मनात रोज मांडीत होतो.

शिवाय म्हातारपण काही आठवड्याभरात येत नाही. २०२४च्या दिवाळीपर्यंत हेच यंत्र मुकाट्याने काम करीत होते, आणि संक्रांत येईतो त्याने मान टाकली. यामागे काहीतरी विशिष्ट कारण असले पाहिजे, आणि ते ठाऊक नसताना नवे यंत्र आणले तर तेच कारण त्याच्याही मानगुटीस बसेल, असे आमचे मत पडले.

पहिला संशय अर्थातच चोराचा. शेजारच्यांनी व्हायरस म्हटले. त्यांच्या चिरंजीवांनी कोणीतरी तुमच्या यंत्रावर परस्पर आभासी नाणी पाडीत असेल असे सुचविले. ही शंका वेडगळ म्हणता येत नाही. २ नोव्हेंबर १९८८च्या रात्री अमेरिकेतील विद्यापीठांची यंत्रे एकाएकी अशीच मंदावली होती. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक 'किडा' जाळ्यात सोडला होता. तो गुपचूप एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई. आपली एक प्रत तेथे अगोदरच आहे काय याची चौकशी करी. परंतु सातातून एकदा उत्तर काहीही आले तरी तो ठाण मांडावयाचा. एवढ्या एका नियमाने घात केला. एकाच यंत्रावर त्याच्या अनेक प्रती साठल्या आणि यंत्रे त्या भाराखाली दबून गेली. सुमारे ६,००० यंत्रांना बाधा झाली असा त्या वेळचा अंदाज होता. चालू प्रक्रियांच्या यादीत हा किडा 'शेल' या नित्याच्या, निरुपद्रवी कार्यक्रमाचे नाव धारण करून बसे. तो इतका हावरट नसता तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाण्यास बराच वेळ लागला असता. मॉरिस यांना १९९० साली तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरांवर दंड झाला. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले. असो. आमच्या यंत्राची विषाणू-तपासणी दोनदा केली. काही निघाले नाही.

तेव्हा चोराचा विचार सोडून घरच्या नोकरांकडे वळणे प्राप्त झाले. संगणकात आपण उघडलेले दोन-तीन कार्यक्रम दिसतात तेवढेच चालू असतात अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात पडद्याआड शंभर-दीडशे प्रक्रिया आपापले काम करीत असतात : कोणी घड्याळ जुळविते, कोणी छपाईयंत्राची वाट पाहते, कोणी नव्या फायलींची नोंद ठेवते. अशा न दिसणाऱ्या चाकराला युनिक्सच्या परंपरेत 'डीमन' म्हणतात. १९६३ साली एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये हे नाव पडले, आणि ते घेतले भौतिकशास्त्रातून. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली एक चिमुकला द्वारपाल कल्पिला होता. दोन दालनांमधल्या झडपेवर बसून जलद रेणू एका बाजूस आणि मंद रेणू दुसऱ्या बाजूस, असे तो अविश्रांत निवडीत बसतो. त्याला 'डीमन' हे नाव मात्र पुढे लॉर्ड केल्व्हिन यांनी दिले. आपल्याकडच्या गोष्टीतले भूत याहून अधिक मोकळेपणाने बोलते : काम दे, नाहीतर तुला खातो. मालक त्याला अंगणात खांब पुरून वर चढ, खाली उतर, असे सांगतो आणि स्वस्थ झोपतो. संगणकातल्या भुताला असा खांब कोणी दाखविला होता, एवढेच शोधावयाचे राहिले.

चालू प्रक्रियांची यादी दाखविणारी 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की उघडते. प्रत्येक नावापुढे प्रोसेसर, स्मृती आणि तबकडी यांचा किती वाटा ते नाव वापरते, याचे आकडे असतात. आकड्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सर्वांत खादाड प्रक्रिया वर येते. पहिल्या दिवशी आम्ही हे सर्व यथासांग केले आणि यादीत एकही संशयित सापडला नाही. सगळे आकडे एक, दोन, शून्य. पंखाही थांबला. खिडकी मिटून आम्ही चहास उठलो. परत येतो तो पंखा पुन्हा चालू. पुन्हा खिडकी उघडली. पुन्हा सगळे सज्जन. हा प्रकार तीन दिवस चालला. साहेब फेरीला निघाले की सारी कचेरी मान खाली घालून बसावी आणि पाठ वळताच गलका व्हावा, तसे. फरक एवढाच, की येथे साहेबांसमोर हात थांबत होते आणि माघारी काम चालत होते.

चौथ्या दिवशी आम्ही युक्ती बदलली. यादी उघडी ठेवली, आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि हात मांडीवर घेऊन बसलो. उंदीर की माउस, काय म्हणाल ते, त्याला स्पर्श करावयाचा नाही. घरात सर्वांना ताकीद दिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटे झाली, सहा झाली. मग पंखा प्रथम कुजबुजला आणि नंतर नेहमीच्या सुरात लागला. यादीच्या तळातून एक ओळ वर सरकली, आणखी वर सरकली, आणि अगदी माथ्यावर जाऊन बसली. 'सर्च फिल्टर होस्ट'. प्रोसेसरचा बहुतेक सर्व वाटा तिच्या नावावर. माउस हलविला मात्र, ती पुन्हा खाली निघाली.

यात गूढ काही नव्हते. फायलींची सूची करणारा हा विभाग माणूस काम करू लागले की आपला वेग कमी करतो, तशीच त्याची घडण आहे. आमच्या यंत्राची शक्ती मात्र इतकी बेताची, की त्याने हातातले काम आवरते घेईपर्यंतच आत्यांच्या अर्ध्या तासातली मिनिटे निघून जात.

तो करीत काय होता? यासाठी 'रिसोर्स मॉनिटर' या दुसऱ्या खिडकीत जावे लागले. तेथे तबकडीच्या सदरात कोणती प्रक्रिया या क्षणी कोणती फाईल वाचीत आहे, हे नावानिशी दिसते. पुन्हा हात मांडीवर. पुन्हा सहा मिनिटे. आणि सूची-विभागाच्या नावापुढे एक नाव उमटले : 'रुमाल २, पान ४१७'. थोड्या वेळाने 'पान ४१८'. आमच्याच फायली, आमच्याच सूनबाईंनी दिलेली नावे. अंगावर काटा आला म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण आम्ही बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो हे खरे.

पुढचा उलगडा दूरध्वनीवर झाला. दिवाळीत तो नात्यातला तरुण आला होता. वेगळ्या तबकडीवरची चित्रे त्याने सोयीसाठी यंत्राच्या मुख्य कप्प्यात आणून ठेवली, आणि कागदांतील शब्द शोधता यावेत म्हणून एका ऐच्छिक सुविधेच्या चौकटीत खूण केली. ही सुविधा टिफ चित्रातील अक्षरे ओळखून त्यांची सूचीत नोंद करते. हेतू उत्तम. छापील इंग्रजी कागद असते तर त्याचे उपकारच झाले असते.

येथे मात्र त्या चाकरापुढे मोडी होती. मोडीत अगोदर कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. लिहिणाऱ्याची घाई, बोरूचे टोक आणि शाईचा पातळपणा यांप्रमाणे एकच अक्षर तीन रूपे घेते. या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीच २०१४ साली. त्या बिचाऱ्या प्रक्रियेला ही लिपी आहे याचाही पत्ता नव्हता. प्रत्येक पानावर ती आपल्याला ठाऊक असलेली वळणे शोधी, घामाघूम होई आणि पुढच्या पानाकडे वळे. त्यातच आत्यांना वाचता यावे म्हणून आम्ही रोज पाच-पंचवीस पाने सरळ करून, कडा कातरून पुन्हा जतन करीत असू. फाईल बदलली, म्हणून ती पाने पुन्हा तिच्या रांगेत उभी राहत. खांब हा असा होता.

ताईआत्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला मोडी येत नाही, तर वाचतो कशाला? मला विचारायचं होतं." मग थोडे थांबून, "रोज वाचतो म्हणतोस? सहाही रुमाल?" त्यांच्या स्वरात थोडा हेवा होता असे आम्हांस वाटले.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. ती खूण काढली आणि चित्रांचा कप्पा सूचीतून वगळला. सूची करणारा विभागच समूळ बंद करा, असा सल्ला पुष्कळजण देतात. तो आम्ही मानला नाही, आणि इतरांनीही सरसकट मानू नये. सूनबाईंनी टंकित केलेली देवनागरी वाचने वेगळ्या कप्प्यात आहेत. तेवढा कप्पा आम्ही त्या चाकराच्या स्वाधीन ठेवला. ती लिपी त्याला शोधता येते, आणि मजकूर इतका हलका, की पंख्याला कळतही नाही. दुरुस्तीवाल्या मुलाला हा सर्व वृत्तान्त सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि नव्या यंत्राचा भाव पुन्हा एकदा सांगितला.

२०२५ साली रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारे एक संगणकीय प्रारूप तयार केल्याचे वाचनात आले. पुढेमागे ते आमच्या रुमालांवरही चालवून पाहू. पण "चि. बापू" म्हणजे तीन बापूंपैकी कोणता, हे अक्षराच्या वळणावरून नव्हे तर खर्चाच्या रकमेवरून ओळखणे आत्यांनाच जमते, आणि त्यांचा अर्धा तास आता पुन्हा पुरता त्यांचा आहे. पाने पूर्ववत चार होतात; परवा पाच झाली.

मध्यंतरी एका हिशेबात 'सखूबाई' हे नाव आले, दरमहा तीन रुपये. घरच्या वंशावळीत या नावाची कोणी नाही. सूनबाईंनी शोधाच्या चौकटीत नाव घातले, आणि त्याच सूचीतून क्षणात आणखी चार पाने पुढे आली : दोन ठिकाणी तेच तीन रुपये, एका ठिकाणी लुगडे, आणि एका पत्रात केवळ "सखूबाईची प्रकृती बरी नाही". आत्यांनी डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिले. कोणाची कोण, ते त्यांनाही उमगले नाही. दुसऱ्या रुमालाची १४० पाने अद्याप वाचावयाची आहेत. उद्या सकाळी तेथूनच पुढे.