भाईंदरचें पोलाद

मुंबईकडील गृहिणींस भाईंदर हें नांव मीठ आणि स्टेनलेस पोलादाचीं भांडीं या दोन वस्तूंमुळें ठाऊक असतें. मिठागरांच्या खुणा आगगाडीच्या खिडकींतून अजून दिसतात. भांड्यांचे कारखाने स्टेशनाच्या पूर्वेस गल्ल्यागल्ल्यांतून घुमत असतात. याच गल्ल्यांत तिसरीहि एक वस्तु घडते, पण ती कोणाच्याहि स्वयंपाकघरांत जात नाहीं. ती पाहण्यासाठीं गेल्या माघांत आम्ही तिघें भाईंदरला गेलों: मी, माझी एकोणऐंशीं वर्षांची आई आणि माझा भाचा.

भाचा समुद्रांतील तेलाच्या फलाटावर नोकरीस आहे. चौदा दिवस समुद्रांत, चौदा दिवस घरीं, असा त्याचा क्रम. तो तिकडे असला म्हणजे आईचें जेवणांत लक्ष नसतें. तिच्या मनांत २७ जुलै २००५ ची आग कायमची बसली आहे. त्या दिवशीं मुंबई हायच्या उत्तर भागांतील फलाटास एका जहाजाचा धक्का लागला, वायु वाहणारी उभी नळी फुटली, आणि सुमारें दोन तासांत सारा फलाट जळून समुद्रांत गेला. २२ माणसें गेलीं. भाचा त्या वेळीं शाळेंत होता. पण आजीच्या भीतीस तारीखवाराचा हिशेब नसतो. "तुमच्या त्या नळ्यांचीं तोंडें धरून ठेवतें तरी कोण?" असें तिनें एकदां विचारलें, आणि तो म्हणाला, "चल आजी, दाखवतोंच तुला."

कारखाना तो केवढा! पत्र्याची एक शेड, चारपांच लेथ, आणि तेलकट जमिनीवर रांगेनें मांडलेले पोलादाचे ठोकळे. प्रत्येकावर आंकडे ठोकलेले. तें पोलाद भट्टीच्या कोणत्या रसांतून ओतलें गेलें हें त्यांवरून शोधतां येतें. ठोकळ्याचे दहा तुकडे केले तरी तो आंकडा प्रत्येक तुकड्याबरोबर जातो. फोरमन साताऱ्याकडचे, बोलके. त्यांनीं आईला खुर्ची दिली आणि तिच्याच भाषेंत सुरुवात केली.

"आजी, तुमच्या कुकरांत बाहेरच्या हवेपेक्षां चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब जास्त असतो. पाणी १२० अंशांपर्यंत तापतें. हा व्हॉल्व्ह ज्या विहिरीवर बसायचा, तिथें दाब सातशें किलो, आणि उष्णता दीडशें अंशांच्या वर."

सातशें किलो म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर धान्याचीं सात पोतीं! तेलवाल्यांच्या हिशेबानें हा चौरस इंचास १०,००० पौंड दाब होतो. जमिनींत एक किलोमीटर उतरलें कीं उष्णता सुमारें २५ ते ३० अंशांनीं वाढते. तेव्हां चारपांच किलोमीटर खोल गेल्यावर हा प्रकार ओघानेंच येतो. मुंबई हायच्या विहिरी इतक्या उग्र नाहींत. आंध्रांत कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडे तशा भेटतात. त्याच मुलुखांत पासरलापुडी येथें ८ जानेवारी १९९५ रोजीं एक विहीर उसळली, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ जळत राहिली.

मला नवल वाटलें तें पोलादाचें. इतक्या दाबास अत्यंत कठीण पोलाद लागत असेल, अशी माझी समजूत. फोरमननीं मान हलविली. भूगर्भांतील वायूंत पुष्कळदां हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्याच्या वासाचा आणि विषारी. त्याच्या संगतींत फार कठीण पोलाद, ताण पडतांच, कसलीहि सूचना न देतां तडकतें. म्हणून अशा ठिकाणच्या साध्या मिश्र पोलादाची कठीणता रॉकवेलच्या सी मापानें २२ च्या वर जाऊं द्यावयाची नाहीं, असा दंडक आहे.

रबराची अडचण निराळी. कुकरची रिंग कशी ताठरते तें सर्वांस ठाऊक आहे. इथें साध्या रबराचा निभाव लागत नाहीं. म्हणून नळ्यांच्या जोडांत मऊ लोखंडाचें कडें घालून तें दोन्ही बाजूंनीं आवळतात. तें चेपून खांचेंत गच्च बसतें, आणि जोड पुन्हां उघडला तर तें टाकून नवें घालतात.

"एकदांच वापरायचें?" आई म्हणाली. आमच्या कुकरची रिंग ती फ्रीजरमध्यें ठेवून ठेवून चौथें वर्ष चालवीत होती.

मग परीक्षा. व्हॉल्व्हमध्यें पाणी भरलें, तोंडें बंद केलीं, आणि आम्हांस जाड पोलादी भिंतीमागें उभें केलें. दाब नेमलेल्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १५,००० पौंड. हवेनें कां नाहीं? तर दाबलेली हवा सुटली कीं बाँबसारखी उसळते. पाणी फारसें दाबलेंच जात नाहीं, त्यामुळें फट मिळतांच त्याचा जोर सरतो. कांटा चढला, थांबला. कोणी बोलेना. कांहीं मिनिटांनीं तो केसभर खालीं आला. दाब उतरवून फोरमन जवळ गेले, झांकणाच्या जोडावरून बोट फिरविलें. बोट ओलें झालें. त्यांनीं खडूनें व्हॉल्व्हवर फुली मारली.

"एवढ्या थेंबासाठीं?" आईनें विचारलें.

"इथें थेंब आहे, आजी. तिथें वायु असतो, आणि तो पेटतो."

भाचा खालीं पाहत उभा होता.

दुपारीं बसनें उत्तनला गेलों. वाळत्या बोंबलांचा वास आमच्या नाकांस नवा. पण समुद्र पाहून आई तो विसरली. जवळच चौकचा धारावी किल्ला. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो घेतला, हें तिला शाळेंतील इतिहासांतलें आठवत होतें. पश्चिमेस मात्र पाणीच पाणी. किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर मुंबई हाय. समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या, जपानांत बांधलेल्या 'सागर सम्राट'ला तिथें फेब्रुवारी १९७४ मध्यें तेल लागलें.

"इथून दिसतें का रे?"

"नाहीं, आजी."

"आणि तुम्हांला हा किनारा?"

"तोहि नाहीं. रात्रीं दुसऱ्या फलाटांवरच्या ज्योती दिसतात."

ती बराच वेळ पाहत राहिली. परततांना स्टेशनाबाहेर भांड्यांच्या दुकानापाशीं थांबून तिनें पांच लिटरच्या कुकरची रिंग मागितली, आणि घासाघीस न करतां पैसे दिले. बुधवारीं सकाळीं भाचा जुहूहून हेलिकॉप्टरनें गेला.