भाऊजींची बरसाती आणि दिल्लीचा अंधार

दिल्लीला जाणारा माणूस लाल किल्ला बघतो, कुतुबमिनार बघतो, करोलबागेत खरेदी करतो आणि एक दिवस काढून आग्र्याला ताजमहाल बघून येतो. मी गेल्या डिसेंबरात दिल्लीला गेले ती मात्र तेवीस जुने इन्व्हर्टर बघायला! हसू नका. आमच्या ताईचा फोनच तसा आला होता. ‘‘तू ये आणि ह्यांना समजाव. महिन्याभरात आम्ही नोएडाला मुलाकडे राहायला जाणार. तिथे दोन खोल्या आमच्या वाट्याला. आणि ह्यांना ती सगळी खोकी बरोबर हवी आहेत!’’

ताई लग्नानंतर दिल्लीला गेली त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. भाऊजी रेल्वेत होते. जनकपुरीत त्यांचं छोटंसं घर आणि वर गच्ची. गच्चीवरच्या एकट्या खोलीला दिल्लीत ‘बरसाती’ म्हणतात. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, नाणी जमवतात. भाऊजींनी या बरसातीत जुने इन्व्हर्टर जमवले. कुणी शेजाऱ्याने टाकून दिलेले, कुणी कबाडीकडून किलोच्या भावाने आणलेले. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी : कुठे मिळाला, काय बिघडलं होतं, कधी चालू झाला.

‘‘हा उचलून बघ,’’ भाऊजी म्हणाले. मला तो जागचा हलवेना. ‘‘जड आहे ना? आत ट्रान्सफॉर्मर आहे, तांब्याच्या तारेचा. आता हा घे.’’ दुसरा त्यामानाने हलका. ‘‘यात अ‍ॅल्युमिनियमची तार. जुना इन्व्हर्टर घेताना आधी वजन बघायचं.’’

इन्व्हर्टर करतो काय, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते आणि तिचा दाब अवघा बारा व्होल्ट. आपले पंखे चालतात २३० व्होल्टवर, आणि त्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते, म्हणजे पन्नास आवर्तनं होतात. बॅटरीच्या विजेला हे रूप द्यायचं काम इन्व्हर्टरचं. जुन्या यंत्रांतून विजेची लाट चौकोनी निघायची, म्हणून पंखा घुमायचा. पुढे ‘साइन वेव्ह’वाले आले आणि पंख्याची कुरकुर थांबली. दीडशे अ‍ॅम्पिअर-तासांची चांगली बॅटरी दोन पंखे आणि दोन ट्यूबलाइट साधारण पाच-सहा तास चालवते. बॅटरी म्हातारी झाली, की हेच तास तासावर येतात.

कोपऱ्यात एक राखाडी रंगाचा पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती. ‘‘आणि हा?’’ मी विचारलं. भाऊजी नुसतेच हसले. चहा घेऊन आलेली ताई त्या डब्याकडे न बघता खाली निघून गेली.

दिल्लीत ही यंत्रं एवढी का, हे समजायला १९९०च्या दशकातल्या दिल्लीत जायला हवं. तेव्हा वीज सरकारी ‘देसू’ची होती, १९९७ मध्ये तिचं दिल्ली विद्युत बोर्ड झालं. नावं बदलली, अंधार तोच राहिला. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास आणि रात्री दहाला वीज गुल. लोक खाटा घेऊन गच्चीवर जात. ज्यांना परवडे त्यांच्या बाल्कनीत छोटं जनरेटर असे. पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं. साऱ्या गल्लीत त्याचा आवाज आणि वास. मध्येच वीज आली की सगळ्या गच्च्यांवरून एकच आरोळी उठे, ‘‘आ गई!’’

गुपचूप काम करणारा इन्व्हर्टर म्हणूनच घराघरांत शिरला. राजधानीच्या परिसरात हा मोठा उद्योग झाला. १९८८ मध्ये ‘ल्युमिनस’ सुरू झाली. केबल टीव्हीच्या सामानाचा धंदा करणाऱ्या कुंवर सचदेव यांनी १९९८ मध्ये ‘सु-कॅम’चे इन्व्हर्टर काढले. पण त्याआधीपासून आणि त्यानंतरही असंख्य डबे जुन्या दिल्लीतल्या दुकानांच्या माळ्यांवर, नाव-गाव नसलेल्या कारागिरांनी जोडले. भाऊजींचा जीव अडकला आहे तो त्यांच्यात. ‘‘कंपनीचा इतिहास कंपनी सांभाळेल,’’ ते म्हणाले. ‘‘यांना कोण आहे?’’

दुसऱ्या दिवशी ते मला त्या बाजारात घेऊन गेले. जनकपुरीहून मेट्रोने मंडी हाउस, तिथे गाडी बदलून लाल किल्ला. स्टेशनातून बाहेर आलं, की एका बाजूला किल्ल्याची लाल भिंत आणि समोर लजपतराय मार्केट. बाजारात शिरलं की दोन हात पसरायलाही जागा नाही. ट्रान्झिस्टर, स्पीकर, तारांची भेंडोळी, सोल्डरिंगचा धूर. एक म्हातारे कारागीर भाऊजींना बघून उठले. स्टूल पुढे आलं, चहा आला. दोघांचं बोलणं ऐकून वाटावं, की एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणाची चौकशी चालली आहे. ‘‘कार्ड जल गया?’’ ‘‘नहीं जी, रिले चिपक गई थी.’’

तिथून जवळच भगीरथ पॅलेस. आज ही विजेच्या सामानाची देशातली मोठी घाऊक पेठ. दिव्यांच्या माळा, पंखे, केबल, स्विच, सगळं. पण या गर्दीत मान वर करून बघावं, तर उंच खांबांची एक जुनी इमारत दिसते. हा बेगम समरूचा वाडा! सरधन्याची ही कर्तबगार बाई स्वतःची फौज बाळगून होती. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा शिंद्यांच्या बाजूने तिच्या पलटणी उभ्या होत्या. पुढे हा वाडा बँकेकडे गेला आणि १९४० मध्ये सेठ भगीरथमल यांनी विकत घेतला, म्हणून हे नाव. नोव्हेंबर २०२२ मध्ये या पेठेत लागलेली भीषण आग कित्येक दिवस धुमसत होती. डोक्यावर लोंबणारी तारांची जाळी बघितली की तिचं नवल वाटत नाही, भीती मात्र वाटते.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद आहे, त्यामुळे आता पायी फिरणं सुखाचं झालं आहे. दरीब्याच्या कोपऱ्यावर जाड, गरमागरम जिलेबी खाल्ली. थंडीतच मिळणारी, दुधाच्या फेसाची ‘दौलत की चाट’ही खाल्ली. जिभेवर ठेवताच नाहीशी! तुम्ही जाणार असाल तर रविवार टाळा. त्या दिवशी इथली बहुतेक दुकानं बंद असतात.

परतताना मी सहज म्हटलं, ‘‘भाऊजी, आता मायापुरीचा तो भंगार बाजारही दाखवा.’’ जनकपुरीपासून तो लांब नाही. भाऊजींचा चेहरा एकदम उतरला.

‘‘तिथे जायचं मी २०१० मध्ये सोडलं,’’ ते म्हणाले. त्या वर्षीची हकीकत तुम्हांला कदाचित आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं, वर्षानुवर्षं न वापरलेलं यंत्र फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. मायापुरीत ते यंत्र फोडलं गेलं. आत काय आहे हे फोडणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अनेक जणांना किरणांची बाधा झाली आणि एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. ‘‘तोवर मला वाटायचं, भंगार म्हणजे गंमत. त्यानंतर मी एक नियम केला. यंत्र जमवायचं, बॅटरी जमवायची नाही.’’

हा नियम प्रत्येक गृहिणीने ऐकावा असा आहे. आपल्या घरातल्या नेहमीच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाचं आम्ल असतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद कपाटात ठेवू नये, तिच्याजवळ उदबत्ती लावू नये. पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घालावं, नळाचं नाही. आणि मेलेली बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला चार पैसे जास्त देतो म्हणून देऊ नये. ती कुठल्यातरी वस्तीत उघड्यावर फोडली जाते, शिसं वितळवलं जातं आणि तो धूर तिथल्या मुलांच्या अंगात जातो. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, हा नियम २००१ पासून आहे. ऑगस्ट २०२२च्या नव्या नियमांनी उत्पादकांवरही जबाबदारी टाकली आहे. इन्व्हर्टरचा डबाही घरी उघडू नये. तारा काढल्या तरी आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

दिल्लीचा अंधार पुढे पुष्कळ सरला. जुलै २००२ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं. तेव्हा निम्म्याच्या आसपास वीज गळतीत आणि चोरीत जात होती. आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आहे. जून २०२४ मध्ये या शहराने एका वेळी ८,६०० मेगावॉटहून अधिक वीज मागितली आणि ती मिळालीही. मधला एक धक्का मात्र कुणी विसरलेलं नाही. ३० जुलै २०१२च्या पहाटे उत्तरेची वीजवाहिन्यांची सारी जोडणी कोसळली. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली, मेट्रो जागच्या जागी थांबल्या. ‘‘त्या दोन दिवसांत साऱ्या गल्लीचे मोबाइल आमच्या बरसातीत चार्ज झाले,’’ भाऊजी अभिमानाने म्हणाले.

पण वीज जाईनाशी झाली आणि इन्व्हर्टर अडगळीत जाऊ लागले. भाऊजींचा संग्रह वाढला तो त्यामुळेच. शेजाऱ्यांची सोय वाढली तसा यांचा माळा भरत गेला.

अखेर मी मध्यस्थी केली. एका आयटीआयमधले शिक्षक भाऊजींच्या ओळखीचे होते. इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला खोलून बघायला यंत्रं हवीच असतात. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. एकच अट घातली, चिठ्ठ्या काढायच्या नाहीत.

टेम्पो आला. मुलं एकेक डबा उतरवू लागली. भाऊजी जिन्यात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, ‘‘बेटा, सँभालके.’’ शेवटी एका मुलाने तो राखाडी डबा उचलला.

‘‘तो राहू द्या,’’ ताई म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे बघितलं. ज्या बाईने मला पुण्याहून बोलावलं तीच ही!

‘‘१९९८चा जून होता,’’ ती सांगू लागली. ‘‘आमच्याकडे पैशांची ओढाताण, आणि ह्यांनी दोन हजार देऊन हा जुना डबा आणला. मी आठवडाभर बोलले नव्हते ह्यांच्याशी. मग एका रात्री वीज गेली आणि बाळाला दमा उसळला. चार वर्षांचा होता. औषधाची वाफ द्यायचं यंत्र विजेवरचं. दवाखाना लांब. त्या रात्री पहाटेपर्यंत ते यंत्र याच्यावर चाललं. असा घुमत होता मेला, की शेजारी जागे झाले.’’

तिने पदराने डब्यावरची धूळ पुसली. भाऊजी दुसरीकडे बघत होते.

‘‘ह्यांनी मला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मीही कधी म्हटलं नाही.’’

नोएडाच्या घरात आता तो डबा चपलांच्या कपाटाशेजारी आहे. त्याला बॅटरी नाही, वायर नाही. ताईने त्याच्यावर तुळशीची छोटी कुंडी ठेवली आहे. आणि हो, तिने त्याला चिठ्ठीही लावली आहे. तिच्यावर फक्त तारीख लिहिलेली आहे.