काटकोन

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात जाऊन आम्ही ‘मोशन सेन्सर’ मागितले आणि दुकानदाराने दिले ते घेऊन मालेगावला परतलो. चूक आमचीच होती. पांढऱ्या घुमटाचे ते सेन्सर माणसाच्या अंगाची ऊब समोरून सरकली की जागे होते. जिन्यातला दिवा आपोआप लावायला उत्तम. पण मुलांनी ते आपल्या रोबोटवर बसवले, तेव्हा रोबोट स्वतःच हलत असल्यामुळे रिकाम्या वर्गातही ते सारखे इशारे देऊ लागले. दुसऱ्याची हालचाल टिपायची तर आधी आपण स्थिर असावे लागते, हे आम्हांला बी. एड.ला कुणी शिकवले नव्हते.

ही 2023 च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या उर्दू हायस्कुलातील सहा मुलांनी नाशिकच्या एका स्पर्धेत भाग घ्यायचे ठरवले होते. रोबोटने भिंतींमधल्या वाटेवरून चार काटकोनी वळणे घेत बाहेर पडायचे, एवढाच खेळ. मुलांनी आधी वळण वेळेवर बांधले होते, म्हणजे एक चाक पुढे, एक मागे, ठराविक वेळ. पण बॅटरी उतरली की चाके मंदावत आणि तेवढ्याच वेळात वळण अपुरे राही. रोबोटला आपण किती वळलो हे कळायला हवे होते.

म्हणून एमपीयू-6050 आणला. नखाएवढ्या या चिपमध्ये फिरण्याचा वेग मोजण्याची सोय असते. दर सेकंदाला किती अंश, हे ती सांगते. त्या वेगाची वेळेबरोबर बेरीज करीत गेले की कोन मिळतो. मात्र अगदी स्थिर ठेवली तरी ती थोडा खोटा वेग दाखवते. म्हणून सुरुवातीला रोबोट काही सेकंद उभा ठेवायचा, त्या खोट्या आकड्यांची सरासरी काढायची आणि पुढे ती वजा करीत जायचे. मुलांतला एक म्हणाला, “सर, ये भी पहले नीयत बाँधता है!” सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो.

जोडणीचे काम आठवीतल्या एका मुलीने अंगावर घेतले होते. चारच तारा. एक विजेची, एक ग्राउंडची आणि बोलण्याच्या दोन, एसडीए आर्डुइनोच्या ए-4 ला, एससीएल ए-5 ला. उर्दू पुस्तकातली ‘बर्क़ी रौ’, मराठी पुस्तकातली ‘विद्युतधारा’ आणि दुकानातला ‘करंट’ एकच आहेत, हे तिला सांगावे लागले नाही. तिची अडचण निराळी होती. “सर, टेबल पे तो बराबर चलता, ज़मीन पे छोड़ते ही अटक जाता.”

आम्ही आठ दिवस प्रोग्रॅम तपासला. बोर्ड बदलला. मोटारींची बॅटरी आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड जोडलेले आहे ना, ते पाहिले. मोटारींच्या टोकांवर 104 लिहिलेले छोटे कपॅसिटर लावले, त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून. सुधारणा झाली, पण तिसऱ्या वळणाला रोबोट पुन्हा अडकायचाच.

अशात एका संध्याकाळी त्या मुलीचे अब्बू शाळेत आले. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर आहेत. बिघडलेले माग दुरुस्त करणे हे त्यांचे काम. मुलीला मुक्कामाला नाशिकला पाठवता येणार नाही, हे सांगायला ते आले होते. आम्ही त्यांना बाकावर बसवले. काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात मुलांनी रोबोट जमिनीवर सोडला आणि तो सवयीप्रमाणे अडकला.

ते उठले. मोटारी चालू असतानाच त्यांनी, मागावर ठेवावा तसा, त्याच्या पाठीवर हात ठेवला. एकेका तारेला बोट लावीत गेले. “ये काँप रही है,” ते म्हणाले. “लूम बंद हो तो सब ठीकच लगता है, सर. चलते में देखना.”

सेन्सरची तार बोर्डाच्या छिद्रात नुसती खोचलेली होती. मोटारींच्या थरथराटाने ती क्षणभर सुटे आणि आर्डुइनो उत्तराची वाट पाहत तिथेच थांबून राही. आम्ही आठ दिवस आकडे वाचत होतो, हात कुणीच लावला नव्हता.

मुलीने तारा आखूड करून डाग दिला. मोटारींच्या तारा पिळून दुसऱ्या बाजूने नेल्या. सेन्सर मधोमध, फोमच्या तुकड्यावर बसवला. अब्बूंनी खिशातून सूत काढून तारांची जुडी बांधली. बांधता बांधता ते मुलीला सांगत होते, बाण्याचा धागा तुटला तर माग थांबवणारा एक काटा असतो, धागा आहे की नाही हे तो चाचपत राहतो. तोही सेन्सरच, हे आमच्या कधी मनात आले नव्हते. पंधरा वर्षे आम्ही या गावात विज्ञान शिकवतो आणि चहूकडे माग वाजत असतात.

मुक्कामाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, “गाडी कितने बजे निकलेगी? उसकी अम्मी साथ आएगी.”

नाशिकला रोबोटने तीन वळणे नीट घेतली, चौथ्याला भिंतीला घासला. बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी मराठीत विचारले, “हा सेन्सर कशासाठी?” मुलगी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “क़ायमा ज़ाविया... म्हणजे काटकोन मोजायला, सर. आणि तार हलू नये म्हणून सूत बांधले आहे. ते माझ्या अब्बूंनी बांधले.”

मागे बसलेल्या अम्मींना मराठी फारसे येत नाही. ‘अब्बू’ एवढा शब्द मात्र त्यांना कळला.